उताऱ्यामागचा सूर

इ. स. १७०२ च्या डिसेंबर महिन्यांत लंडनमधील पुस्तकांच्या दुकानांतून एक लहानसें चोपडें विक्रीस आलें. त्यावर लेखकाचें नांव नव्हतें. इंग्लंडच्या गादीवर त्याच वर्षीं ॲन राणी आली होती, आणि राजमान्य चर्चच्या बाहेर राहून आपापल्या पद्धतीनें उपासना करणाऱ्या डिसेंटर लोकांवर नवे निर्बंध घालावे कीं काय, यावर देशांत कडाक्याचा वाद माजला होता. चोपड्याच्या कर्त्यानें या वादाचा निकाल एका फटक्यांत लावला होता. या लोकांशीं आजवर फार सौम्यपणानें वागणें झालें. आतां दया पुरे. त्यांच्या प्रार्थनासभेंत जो सांपडेल त्याला देशांतून घालवून द्यावें व उपदेशकाला फांसावर चढवावें, म्हणजे हा रोग कायमचा जाईल, असा त्याचा आशय होता. कट्टर चर्चपक्षाच्या लोकांना तें वाचून मोठें समाधान वाटलें. केंब्रिजच्या एका पंडितानें तर बायबलाच्या खालोखाल आपण याच पुस्तकाला मान देतों, असें पुस्तकविक्याला कळविल्याची कथा सांगतात. डिसेंटर लोक भयभीत झाले. आणि मग बातमी फुटली कीं, हें चोपडें लिहिणारा गृहस्थ स्वतःच डिसेंटर आहे व त्याचें नांव डॅनिएल डिफो.

पुढें रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट लिहून जगभर नांव मिळविणारा डिफो तो हाच. आपल्या विरोधकांचें बोलणें त्यांच्याच आवेशानें, परंतु एक पायरी पुढें नेऊन, त्यानें लिहिलें होतें. त्या बोलण्यांत दडलेलें क्रौर्य लोकांच्या नजरेस यावें, हा त्याचा हेतु. तो साधला नाहीं. ज्यांची थट्टा झाली ते खवळले. ज्यांच्या बाजूनें थट्टा केली ते आधीं घाबरले आणि मागाहून रागावले. कॉमन्स सभेच्या हुकुमानें चोपडें जाहीर रीतीनें जाळण्यांत आलें. पळालेल्या लेखकाला धरून देणारास पन्नास पौंडांचें बक्षीस लावण्यांत आलें, आणि त्या सरकारी जाहिरातींत त्याच्या बांकदार नाकाचा व तोंडाजवळील मोठ्या तिळाचाहि उल्लेख झाला. १७०३ च्या मे महिन्यांत तो पकडला गेला. जुलैच्या २९, ३० व ३१ या तीन दिवशीं लंडनच्या चव्हाट्यांवर त्याला लांकडी चौकटींत मान व हात अडकवून उभें करण्यांत आलें. शिवाय दंड झाला, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत न्यूगेटचा तुरुंग सुटला नाहीं.

या प्रकरणांतील विशेष हा कीं, चोपड्यांत न समजण्याजोगा शब्द एकहि नव्हता. वाक्यें सरळ होतीं, व्याकरण चोख होतें. वाचणारे अडाणी नव्हते. त्यांत धर्मोपदेशक होते, वकील होते, विद्यापीठांतील विद्वान होते. प्रत्येक वाक्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला आणि सबंध पुस्तकाचा अर्थ उलटा कळला. लेखकाच्या बोलण्यांतील सूर त्यांच्या कानीं पडला नाहीं. आणि कोण, कोणास, कशासाठीं बोलत आहे हें सांगणारी जी एकच गोष्ट हाताशीं असावयास हवी होती, ती म्हणजे लेखकाचें नांव, तीच मुखपृष्ठावरून गाळलेली होती. आज इंग्रजीच्या परीक्षेंत एक उतारा देऊन त्याखालीं प्रश्न छापतात: लेखकाचा सूर गंभीर आहे, उपरोधिक आहे, हळहळीचा आहे कीं तटस्थ आहे? अमुक शब्दाचा या ठिकाणीं अर्थ काय? या दोन प्रश्नांपाठीमागें केवढा इतिहास आहे याची कल्पना ते सोडविणाऱ्या मुलाला सहसा नसते.

सूर आणि संदर्भ यांचा हा संबंध मराठी घराला कांहीं नवा नाहीं. दिवेलागणीला परत यावयाचें कबूल करून रात्रीं दहाला उगवणाऱ्या मुलाला आई ‘या, लवकर आलांत!’ असें म्हणते, तेव्हां त्या ‘लवकर’चा कोशांतील अर्थ कोणी पाहत नाहीं. एरवीं अरेतुरेनें बोलणारी आई आज पोराला ‘आलांत’ म्हणते, यांतच सर्व आलें. संस्कृत साहित्यशास्त्रानें आवाजाच्या अशा वळणाला ‘काकु’ हें नांव दिलें आणि निंदेसाठीं केलेल्या स्तुतीला ‘व्याजस्तुति’ म्हटलें. जेवतांना ‘सैंधव आण’ म्हटलें तर मीठ आणावें व प्रवासाला निघतांना म्हटलें तर घोडा आणावा, हें उदाहरण पाठशाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असे. भर्तृहरीच्या वाक्यपदीयांत तर एका शब्दाचे अनेक अर्थ संभवत असतां कोणता घ्यावा, हें ठरविणाऱ्या गोष्टींची यादीच आहे: साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल, स्वर इत्यादि. ‘राम-लक्ष्मण’ म्हटलें म्हणजे राम दशरथाचा. तेंच वैर मनांत धरून ‘राम-अर्जुन’ म्हटलें कीं राम परशुराम होतो, आणि अर्जुनहि पांडवांचा न राहतां सहस्रार्जुन होतो. शेजारचा शब्द आपल्या शेजाऱ्याला ओळख देतो, ही गोष्ट येथें फार पूर्वींच हेरली गेली होती.

मग ज्यांच्या घरांत काकु आणि प्रकरण हे शब्द नांदत होते, तींच मुलें इंग्रजी उताऱ्यापुढें अडखळत तीं कां? एक कारण असें कीं, फार काळपर्यंत परीक्षेंत त्यांना तें कोणी विचारीतच नसे. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें व त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ सालीं झाली. त्या पहिल्याच तुकडींत महादेव गोविंद रानडे उत्तीर्ण झाले. तेव्हांपासून कित्येक दशकें इंग्रजीच्या अभ्यासांत भर असे तो शब्दार्थावर, व्याकरण चालविण्यावर, वाक्यपृथक्करणावर आणि उताऱ्याचा आशय सोप्या इंग्रजींत उतरवून देण्यावर. इंग्लंडांतील शाळांची तऱ्हाहि फारशी निराळी नव्हती. अशा परीक्षेंत डिफोचें चोपडें घातलें असतें, तर हुशार विद्यार्थ्यानें त्याचें पृथक्करण निर्दोष केलें असतें, आशयहि सुबोध लिहिला असता आणि पैकींच्या पैकीं गुण घेऊन तो डिफोला फांसावर द्यावयास मोकळा झाला असता.

वाचनाची म्हणून स्वतंत्र कसोटी निघाली ती विसाव्या शतकांत, अमेरिकेंत. कॅन्सस संस्थानांतील फ्रेडरिक केली यानें १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची एक परीक्षा तयार केली. तींत प्रत्येक प्रश्नाला एकच बिनतोड उत्तर असे. गुण देणाऱ्याच्या मर्जीला वाव राहूं नये हा त्यामागील हेतु. हजारों मुलांच्या पत्रिका थोड्या वेळांत तपासण्याची ही सोय इतकी पसंत पडली कीं, तिनें पुढें सबंध परीक्षाशास्त्र व्यापलें. १९२६ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील कॉलेजप्रवेशासाठीं स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट म्हणजे ‘सॅट’ ही परीक्षा पहिल्यानें घेण्यांत आली. तीस आठ हजारांवर उमेदवार बसले होते, व तिच्या नऊ भागांपैकीं एक उतारे वाचण्याचा होता. सोय मोठी खरी; परंतु ‘एकच बिनतोड उत्तर’ ही अट सूर ओळखण्याच्या प्रश्नाला कितपत मानवते, हा विचार तेव्हां कोणाच्या मनांत आला नव्हता.

दरम्यान १९१७ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयांतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं मुलें चुकतात तीं कशीं चुकतात याची तपासणी करून एक निबंध प्रसिद्ध केला. गुण मोजण्याऐवजीं त्यांनीं चुका वाचल्या, हेंच त्यांचें मोठेपण. त्यांनीं दिलेला एक उतारा फ्रँकलिन नांवाच्या गांवच्या शाळेच्या नियमाचा होता. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलानें शाळेच्या दिवशीं हजर राहिलें पाहिजे; मात्र मूल फार आजारी असेल, घरांत सांसर्गिक रोग असेल किंवा रस्ते जाण्याजोगे नसतील तर सूट, एवढाच त्याचा मजकूर. उताऱ्याचा विषय काय, असें विचारल्यावर कांहीं मुलांनीं नुसतें ‘फ्रँकलिन’ एवढेंच लिहिलें. कांहींच्या डोळ्यांपुढें अमेरिकेचा तो थोर संशोधक बेंजामिन फ्रँकलिन उभा राहिला. म्हणजे एका ओळखीच्या शब्दानें आजूबाजूचे सारे शब्द बाजूला सारले. थॉर्नडाइक यांचें अनुमान असें कीं, परिच्छेद वाचणें हें गणित सोडविण्यासारखें काम आहे. प्रत्येक शब्दाला त्याच्या वांट्याचें वजन द्यावें लागतें. एखादा वाजवीपेक्षां जड झाला किंवा दुसरा हलका पडला कीं ताजवा कलतो. वाचन म्हणजे अक्षरें ओळखून तोंडानें म्हणणें, या समजुतीला या निबंधानें चांगलाच धक्का दिला. पण शाळेच्या नियमांत बोलणाऱ्याचा सूर तो काय असणार? ती बाजू उजेडांत यावयास आणखी बारा वर्षें लागलीं, आणि ती आली केंब्रिजमधून.

आयव्हर आर्मस्ट्राँग रिचर्ड्स हे केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत असत. १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं आपल्या व्याख्यानांस येणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग आरंभिला. कवितांचे छापील कागद ते वांटीत. त्यांवर कवीचें नांव नसे, काळ नसे. आठवडाभर कविता जवळ ठेवून, वाटेल तितक्या वेळां वाचून, जें वाटेल तें मोकळेपणानें लिहून आणावें असें ते सांगत. लिहिणारानेंहि आपलें नांव घालावयाचें नाहीं. मग पुढील व्याख्यानांत त्या शेऱ्यांचाच समाचार घेतला जाई. यांतील तेरा कविता व त्यांवरील शेरे घेऊन १९२९ सालीं त्यांनीं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकवर्गांत एकच खळबळ उडाली.

कारण हे शेरे लिहिणारे खेड्यांतले पोर नव्हते. इंग्रजी ही ज्यांची जन्मभाषा, उत्तम शाळांतून ज्यांचें शिक्षण झालेलें, आणि त्यांतूनहि बहुतेक वाङ्मयाचाच अभ्यास पत्करलेले, असे हे तरुण. त्यांना कवितांचा साधा वाच्यार्थहि पुष्कळदां लागत नव्हता, असें आढळून आलें. डनसारख्या श्रेष्ठ कवीच्या ओळी कांहींनीं खुशाल मोडींत काढल्या; कोणा सामान्य पद्यकाराची पाठ थोपटली. या तेरांत लाँगफेलोची एक कविता होती. केंब्रिजच्या, म्हणजे इंग्लंडांतील नव्हे, तर अमेरिकेंतील त्याच नांवाच्या गांवच्या चर्चच्या आवारांत एक बडी बाई पुरलेली आहे आणि तिच्या उशापायथ्याशीं तिचे गुलाम आहेत. ती गर्विष्ठ होती कीं नम्र, असा प्रश्न कवि कांहीं वेळ खेळवितो आणि शेवटीं तो वाचकावरच उलटवितो. ही कविता बहुतेक सर्वांनीं धुडकावली. दफनभूमि दृष्टीस पडतांच अनेकांनीं मनाशीं ठरविलें कीं, आतां मृत्यूवर प्रवचन येणार. आणि एकदां प्रवचनाची अपेक्षा केल्यावर कवीचा मोकळा, थोडासा खेळकर सूर त्यांच्या कानांत शिरावा कसा? थॉर्नडाइकच्या मुलांना ‘फ्रँकलिन’ या शब्दानें जसें ओढून नेलें, तसें केंब्रिजच्या या तरुणांना थडग्यांनीं ओढून नेलें.

रिचर्ड्स यांनीं या गोंधळाची उकल करतांना अर्थाचे चार पदर वेगळे केले. जें सांगितलें तें. त्या गोष्टीविषयीं सांगणाऱ्याची भावना. ऐकणाऱ्याविषयीं त्याची वृत्ति. आणि हें सर्व सांगण्यांतील त्याचा हेतु. यांतील तिसऱ्याला त्यांनीं ‘टोन’ म्हणजे सूर हें नांव दिलें. ही व्याख्या बारकाईनें पाहण्यासारखी आहे. परीक्षेच्या पुस्तकांत सूर म्हणजे लेखकाची मनःस्थिति, असें सर्रास समजतात. रिचर्ड्स यांच्या मतें सूर हें बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधील नातें आहे. समोरच्याला तो बरोबरीचा मानतो, कीं वडीलकीनें वागवितो, कीं त्याच्याशीं संगनमत करून तिसऱ्याला हंसतो, हें सुरांत उमटतें. आईच्या ‘आलांत’मध्यें हेंच होतें. म्हणून सूर ओळखावयाचा तर आधीं हें बोलणें कोणासाठीं आहे, हें शोधलें पाहिजे. तें सोडून विशेषणें शोधीत बसणारा विद्यार्थी बहुधा फसतो.

या प्रयोगांतूनच इंग्रजी शिक्षणांत अनामिक उतारा देऊन त्याचें मर्म विचारण्याची प्रथा रुजली. तिचे गुण मोठे आहेत. कवीच्या चरित्रावरील टिपणें पाठ करून रसग्रहण लिहिण्याची सोय तिनें बंद केली, आणि रिचर्ड्स यांचे विद्यार्थी विल्यम एम्प्सन यांनीं तर १९३० सालींच केवळ शब्दांच्या बारीक वाचनावर एक अख्खा ग्रंथ उभा केला. परंतु नांव व काळ पुसून टाकणें हें शस्त्र दुधारी होतें. वाचकाची परीक्षा पाहण्यासाठीं रिचर्ड्स यांनीं मुद्दाम जें काढून घेतलें, तेंच १७०२ सालच्या वाचकांजवळ नव्हतें. खुद्द रिचर्ड्स यांना संदर्भाचें महत्त्व कमी वाटत होतें असें मुळींच नाहीं. १९२३ सालीं सी. के. ऑग्डन यांच्या सहकार्यानें त्यांनीं अर्थमीमांसेवर जो ग्रंथ लिहिला, त्याला मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांचें एक परिशिष्ट जोडलेलें आहे. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवरील एका माणसाचें नावेच्या प्रवासाविषयींचें बोलणें मालिनोव्स्की यांनीं शब्दास शब्द ठेवून भाषांतरित करून दाखविलें. त्यांतून कांहींच बोध होईना. तो माणूस आपल्या नावेच्या सरशीची बढाई मारीत आहे, आणि त्या लोकांत नावांची चढाओढ हा मानापमानाचा विषय आहे, हें सांगितल्यावर तेंच बोलणें लख्ख झालें. सूर आणि संदर्भ येथें एकदमच हातीं लागतात. एकाशिवाय दुसरा मिळत नाहीं.

परभाषा शिकणाऱ्याची अडचण याहून बिकट असते. इंग्रजी मुलाच्या कानांत त्या भाषेचे रुसवेफुगवे, टोमणे, आर्जवें साठलेलीं असतात. छापील ओळ पाहतांच तो आवाज आपोआप जागा होतो. ज्यानें ती भाषा पुस्तकांतच पाहिली, त्याच्यापुढें नुसती ओळ उरते. नभोवाणीवरील भाषण मासिकांत छापून आलें म्हणजे याचा थोडासा प्रत्यय येतो: बोलणारानें जेथें क्षणभर थांबून हंसत वाक्य सोडलें, तेथें कागदावर नुसता पूर्णविराम असतो. हिंदुस्थानांतील मुलांच्या इंग्रजी वाचनाचा पद्धतशीर विचार मायकेल वेस्ट यांनीं डाक्का येथील अध्यापक विद्यालयांत असतांना केला, व बंगालमधील द्वैभाषिकतेवरील त्यांचा अहवाल १९२६ सालीं प्रसिद्ध झाला. मुलाला आधीं वाचतां आलें पाहिजे. आणि वाचनपुस्तकांत अपरिचित शब्द असे विरळ पेरावेत कीं, भोंवतालच्या ओळखीच्या शब्दांनीं नवख्याला हात द्यावा, हें त्यांचें सूत्र होतें. संदर्भावरून अर्थ लावावयाचा तर आधीं संदर्भ तरी कळला पाहिजे, ही साधी गोष्ट त्यांनीं ओळखली. ज्या उताऱ्यांत दर ओळीला दोन शब्द अडतात, त्यांत खुणा शोधावयास सांगणें म्हणजे अंधारांत हरवलेला दिवा दिव्यानेंच शोधावयास सांगणें होय.

केली यांची सोयीची परीक्षा आणि रिचर्ड्स यांची सूक्ष्म दृष्टि यांची गांठ पडली ती १९४४ सालीं. अमेरिकन परीक्षातज्ज्ञ फ्रेडरिक डेव्हिस यांनीं त्या वर्षीं वाचनाकलनाचीं नऊ अंगें मांडलीं. शब्दाचा त्या त्या ठिकाणीं लागू पडणारा अर्थ निवडणें हें त्यांत दुसरें होतें. उताऱ्यांतील वाङ्मयीन युक्त्या ओळखून त्याचा सूर व भाव ठरविणें हें आठवें, आणि लेखकाचा हेतु व दृष्टिकोण ओळखणें हें नववें. आजच्या परीक्षापुस्तकांत प्रश्नांचे जे प्रकार दिसतात, त्यांचें कुलवृत्त बहुतांशीं या यादींत सांपडतें. पण दोनच वर्षांनीं शिकागोचे लुई थर्स्टन यांनीं डेव्हिस यांचेच आंकडे पुन्हां मांडून दाखविलें कीं, हीं नऊ निराळीं अंगें मानण्याचें कारण नाहीं. एकच आकलनशक्ति मानली तरी हिशेब जुळतो. स्वतः डेव्हिस यांच्या गणितांतहि सर्वांत वजनदार ठरलें तें शब्दज्ञान, व त्याखालोखाल तर्क. म्हणजे सूर ओळखणें ही स्वतंत्र कला आहे आणि ती निराळी घोटून घेतां येते, या समजुतीला आंकड्यांचा आधार पहिल्यापासूनच लंगडा होता. सूर ज्याला कळतो त्याला बाकीचेंहि बहुधा कळत असतें. शिकवण्यांचा बाजार मात्र थर्स्टन यांच्या वाटेला गेला नाहीं. नऊ अंगें म्हटलीं म्हणजे नऊ धडे होतात.

संदर्भाच्या खुणांचेंहि असेंच झालें. उताऱ्यांतील शब्द गाळून ते भरावयास लावण्याची युक्ति जुनी आहे. ब्रेस्लाउ, म्हणजे आतांचें पोलंडमधील व्रोत्स्वाफ, या शहरांतील शाळकरी मुलांचा मेंदु तासांमागून तास बसून किती थकतो, हें पाहण्यासाठीं एबिंगहाउस यांनीं ती योजिली आणि १८९७ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५३ सालीं विल्सन टेलर यांनीं तिला नवें रूप दिलें: दर पांचवा शब्द गाळावयाचा, मग तो कोणता का असेना. त्यांचा हेतु मुलांची परीक्षा घेण्याचा नव्हता. मजकूर किती सुबोध आहे, याची परीक्षा घेण्याचा होता. पुढें तेंच माप मुलांना लावण्यांत आलें. इकडे अमेरिकन शिक्षकांनीं खुणांची वर्गवारी केली: व्याख्या, समानार्थ, विरोध, अनुभव, प्रसंगाचा भाव. कॉन्स्टन्स मॅक्कलो यांनीं १९४५ सालीं केलेली वर्गवारी वाचतांना भर्तृहरीची यादी आठवल्यावांचून राहत नाहीं. भेद आहे तो उपयोगांत. भर्तृहरीची यादी ज्ञात अर्थांतून एक निवडण्यासाठीं होती. सैंधव म्हणजे मीठ व घोडा हीं दोन्ही ज्याला ठाऊक आहेत, त्याच्याच कामीं प्रकरण येतें. अज्ञात शब्दाचा अर्थ नुसत्या शेजारावरून काढतां येईल, असें त्यांत म्हटलेलें नाहीं.

आणि तसा तो नेहमीं निघतहि नाहीं. ‘आजोबा फार फ्रूगल होते, म्हणून पैसे मागावयाला मुलें त्यांच्याजवळ जावयास भीत’ अशा अर्थाचें वाक्य इंग्रजींत वाचणारा मुलगा फ्रूगल म्हणजे तापट असें खुशाल धरून चालेल; काटकसरी हा अर्थ त्याच्या स्वप्नांतहि येणार नाहीं. १९८३ सालीं इसाबेल बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शाळेच्या वाचनपुस्तकांतील गोष्टी घेऊन त्यांतील कांहीं शब्द झांकले आणि प्रौढ माणसांना ते ओळखावयास सांगितले. कांहीं ठिकाणीं भोंवतालचा मजकूर वाट दाखवीत होता, कांहीं ठिकाणीं मुका होता, आणि कांहीं ठिकाणीं चक्क आडवाटेला नेत होता. या शेवटच्या जागीं जवळजवळ कोणालाच शब्द ओळखतां आला नाहीं. इंग्रजी ज्यांच्या अंगवळणीं पडलेली, अशा मोठ्या माणसांची ही अवस्था!

खुणा मुळींच नसतात असा याचा अर्थ नव्हे. इंग्रज लेखक आपला सूर लहानसहान शब्दांत ठेवून जातो. एकाच माणसाला तो थ्रिफ्टी म्हणतो कीं स्टिंजी, यांत काटकसरी आणि चिक्कू यांच्याइतकें अंतर आहे. वाक्याच्या आरंभीं ‘नो डाउट’ आलें कीं, बहुधा पुढें ‘परंतु’ येणार. मराठींतील ‘मान्य आहे’सारखाच हा मानभावी प्रकार. एखाद्या ग्रंथाविषयीं, ‘हे गृहस्थ त्याला इतिहास म्हणतात’ असें म्हटलें, तर तो ग्रंथ इतिहास नव्हे असें समजावें. क्षुल्लक गोष्टीला भरजरी शब्दांची झूल घातलेली दिसली किंवा भयंकर गोष्ट हिशेबाच्या थंड भाषेंत मांडलेली दिसली, म्हणजे सावध व्हावें. स्विफ्टनें १७२९ सालीं आयर्लंडच्या गरिबांचीं मुलें श्रीमंतांच्या ताटांत वाढावीं, अशी जी ‘नम्र सूचना’ केली, तिचें सारें भय त्या हिशेबी थंडपणांत आहे. मात्र वर्गांत ती शिकवितांना हा उपरोध आहे असें गुरुजी आधींच सांगून टाकतात, त्यामुळें ओळखण्याची कसोटी राहते ती बाजूलाच.

स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्यांतून तर सुरांचे शब्द याद्या करून पाठ करून घेतात: उपरोधिक, साशंक, भक्तिपूर्ण, उदासीन, प्रचारकी. परीक्षकहि चार पर्याय देतो ते या याद्यांना ओळखीचे असेच देतो. मग प्रश्न ऐकण्याचा न राहतां निवडण्याचा होतो, आणि निवडण्याची कला ही वाचनाहून निराळी आहे. तिचा पुरावा १९९० सालीं पुढें आला. स्टुअर्ट कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘सॅट’ परीक्षेंतील वाचनाचे प्रश्न उतारे काढून घेऊन कॉलेजांतील विद्यार्थ्यांपुढें ठेवले. उतारा दिसतच नव्हता, तरीहि निव्वळ नशिबानें जेवढीं उत्तरें बरोबर आलीं असतीं, त्यापेक्षां किती तरी अधिक बरोबर आलीं. प्रश्नांची भाषा, पर्यायांची ठेवण आणि जगाचें थोडें सामान्यज्ञान एवढ्यावर त्यांनीं वाट काढली होती. याला लबाडी म्हणणें योग्य होणार नाहीं. संदर्भावरून अर्थ लावण्याचेंच हें एक टोंक आहे. फक्त तो संदर्भ उताऱ्याचा नसून परीक्षेचा होता.

तेव्हांपासून त्या परीक्षेचें रूप अनेकदां बदललें. २०१६ सालच्या नव्या रचनेंत प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर लेखकाचें नांव, ग्रंथाचें नांव आणि प्रकाशनाचें वर्ष छापण्यांत येऊं लागलें. २०२४ सालीं अमेरिकेंत ती परीक्षा कागदावरून संगणकावर गेली आणि उतारे परिच्छेदाएवढे आंखूड झाले. पण वाङ्मयांतून घेतलेल्या तुकड्याच्या वर हें कोणाचें, कोणत्या ग्रंथांतील व कोणत्या सालचें, हें सांगणारी ओळ कायम राहिली.